मुक्कामाची गाडी : दोघांसाठी, जुनी पण कोरडी

पॉप-अप कॅम्पर ही चालताना गाडी असते आणि थांबल्यावर खोली. रस्त्यावर तिचे छप्पर खाली बसलेले असते. मुक्कामाला पोचल्यावर ते वर उचलले, की छप्पर आणि पत्रा यांच्यामध्ये कापडी भिंती ताणल्या जातात आणि एरवी वाकून बसावे लागते त्या जागेत माणूस ताठ उभा राहून कपडे बदलू शकतो. उंची हवी तेव्हा घ्यायची आणि नको तेव्हा मिटून टाकायची, एवढीच त्यामागची कल्पना. त्यामुळे घाटातला वारा गाडीला कमी अडवतो, इंधन कमी लागते आणि घरी परतल्यावर ती साध्या पोर्चमध्ये मावते.

जर्मनीतल्या वेस्टफालिया कारखान्याने १९५१ साली फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये बिछान्याचे आणि कपाटाचे सामान बसवायला सुरुवात केली. उचलते छप्पर त्याच गाड्यांवर पुढे आले आणि जगभर ओळखीचे झाले. आज या प्रकाराच्या चार तऱ्हा दिसतात : गाडीमागे ओढायचा घडीचा ट्रेलर, उचलत्या छपराची व्हॅन, पिकअपच्या हौद्यात बसवायची खोली आणि टपावर उलगडणारा तंबू. चारही ठिकाणी हिशेब एकच, पत्रा कमी आणि कापड जास्त.

महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्याचा रोख भाड्याने गाड्या देणाऱ्यांवर आणि कॅराव्हॅन पार्क उभारणाऱ्यांवर आहे. त्यातून रस्त्यावर दिसतात त्या मुख्यतः फोर्स ट्रॅव्हलर किंवा टाटा विंगरच्या सांगाड्यावर बांधलेल्या मोठ्या गाड्या : आत स्वच्छतागृह, फ्रीज, चौघांची झोपायची सोय. निवृत्तीच्या उंबरठ्यावरचे एखादे जोडपे किंवा नुकतेच लग्न झालेले दोघे शनिवार-रविवारी कासच्या वाटेने किंवा कोयनेच्या काठाने जायला निघतात, तेव्हा त्यांना एवढ्या गाडीची गरज नसते आणि तिची किंमतही परवडत नाही. दुसरीकडे, सातारा, कराड, सांगली, मिरज इथल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात तयार पॉप-अप कॅम्पर जवळजवळ मिळतच नाही. ‘बोलेरो कॅम्पर’ सर्रास मिळते, पण ती दोन रांगांची पिकअप आहे, झोपायची गाडी नव्हे. तेव्हा इथल्या जोडप्यापुढचा खरा पर्याय म्हणजे एखादी छोटी जुनी व्हॅन निवडायची आणि पॉप-अपचे गुण तिला कापडाने द्यायचे.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांना कापडी छपराखालचा मुक्काम नवा नाही. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण करत सातारा जिल्ह्यातून जाते, तेव्हा प्रत्येक दिंडीचा ट्रक राहुट्या घेऊन पुढे गेलेला असतो. माण, खटाव, आटपाडी, जतचे मेंढपाळ घोड्यांवर संसार लादून महिनोन्महिने फिरतात. त्यांचा वाडा, म्हणजे मुक्कामाचा तळ, ओल धरणाऱ्या सखल जागी उतरत नाही, कारण ओलीत मेंढ्यांचे खूर सडतात. ऊसतोडीच्या हंगामात नवरा-बायकोची जोडी, म्हणजे एक कोयता, कारखान्याच्या तळावर खोप टाकून राहते. त्या खोपीत हौस नाही, नाइलाज आहे, आणि सहलीच्या गाडीचा विचार करताना हा फरक विसरता कामा नये. मात्र जागा कोरडी हवी हे मेंढपाळांचे शहाणपण जसेच्या तसे घेण्यासारखे आहे. मुक्कामाच्या गाडीचे इंजिन दुरुस्त करता येते, टायर बदलता येतात, गादी नवी शिवता येते. पाणी शिरलेली गाडी मात्र पुरती कोरडी होत नाही. म्हणून जुनी व्हॅन निवडताना किलोमीटरच्या आकड्याआधी पाण्याचा विचार करावा लागतो.

ओम्नी की ईको

छोट्या व्हॅनमध्ये निवड मुख्यतः दोन गाड्यांत होते. मारुतीची व्हॅन १९८४ साली आली, १९८८ पासून ती ओम्नी नावाने विकली गेली आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन, मागे कमानपाटे, दोन्ही बाजूंना सरकते दरवाजे आणि कुठल्याही गावच्या फिटरला पाठ असलेली यंत्रणा, ही तिची जमेची बाजू. जानेवारी २०१०मध्ये आलेली ईको सुमारे बाराशे सीसीची आहे आणि अजून बनते, त्यामुळे तिचे सुटे भाग पुढची बरीच वर्षे मिळत राहतील. ओम्नीची लांबी ३,३७० मिलिमीटर, ईकोची ३,६७५. हा फूटभराचा फरक बसताना जाणवत नाही, झोपताना जाणवतो. साडेपाच फुटांपेक्षा उंच माणसाला ओम्नीत पाय लांब करायचे तर पुढच्या सीटची पाठ पाडून तिच्यावर फळी टाकावी लागते.

दोन्ही गाड्यांत इंजिन पुढच्या सीटखाली आहे आणि ओढ मागच्या चाकांना. बिछाना, पाणी, भांडी असे सामान मागे भरले, की मागच्या चाकांवर वजन येते आणि चढावर पकड सुधारते. घाटातल्या प्रवासासाठी ही रचना सोयीची. तिचा तोटा म्हणजे उन्हाळ्यात चालकाची सीट तापते आणि समोरून धडक बसली तर मध्ये आधाराला फार काही नसते. २०१६ साली ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत एअरबॅग नसलेल्या ईकोला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी एकही तारा मिळाला नाही. पुढे ईकोत आधी चालकासाठी आणि नंतर शेजारच्यासाठीही एअरबॅग आली. ओम्नीचा प्रवास तोवर संपला होता. म्हणून महामार्गावरून पुण्या-बेळगावपर्यंत जायचे असेल तर शक्य तितकी अलीकडची ईको घ्यावी. गावातून जवळच्या डोंगरापर्यंत, दिवसाउजेडी आणि सावकाश जायचे असेल तरच ओम्नीचा विचार करावा.

ईकोतही पाच सीटची गाडी सात सीटच्या गाडीपेक्षा बरी, कारण मागे सपाट जागा आयती मिळते. सीएनजीची टाकी नेमकी त्याच जागेत बसते आणि बिछान्याचा घात करते. शिवाय तिची दाबचाचणी दर तीन वर्षांनी झालेली असावी लागते. कार्गो म्हणून नोंदलेली व्हॅन स्वस्त मिळते, पण ती मालवाहू गाडी असते : पिवळी पाटी, वेगळा कर, दरवर्षी किंवा दोन वर्षांनी फिटनेस. शाळेच्या मुलांची ने-आण केलेली ओम्नी बाजारात नेहमी दिसते. तिची सीट आणि दरवाज्याच्या खाचा खूप झिजलेल्या असतात, आणि पूर्वी कुणी तिच्यात परवानगीविना स्वयंपाकाच्या गॅसची जोडणी केली होती का, हे टाकीचा पट्टा अडकवायची भोके जमिनीत शोधून पाहावे. अशी भोके दिसली तर ती गाडी सोडून द्यावी.

खालून आलेले पाणी

सांगलीत १९२९ साली बांधलेल्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी मोजतात. चाळीस फूट ही इशारा पातळी आणि पंचेचाळीस फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९मध्ये पाणी सत्तावन्न फुटांवर गेले. शहराचा मोठा भाग, पलूस, वाळवा, मिरज तालुक्यांतली नदीकाठची गावे आणि वर कराड-पाटणचा पट्टा कित्येक दिवस पाण्यात होता. त्याआधी २००५मध्ये आणि नंतर जुलै २०२१मध्येही महापूर आला. २०२१च्याच पुरात कुंभार्ली घाटापलीकडचे चिपळूण बुडाले. या पाण्यात हजारो गाड्या उभ्या होत्या. त्यांतल्या काही भंगारात गेल्या, पुष्कळ धुऊन, पुसून, रंगवून पुन्हा बाजारात आल्या आणि आजही हात बदलत आहेत. त्यांत विकणाऱ्याची लबाडी असतेच असे नाही. तिसऱ्या मालकाला पहिल्या मालकाच्या दारात काय घडले हे ठाऊकच नसते.

पुराची खूण झाकणे कठीण असते, कारण कृष्णेचा गाळ बारीक, चिकट आणि काळपट असतो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढावा. रोजच्या वापरात गुंडाळून राहणाऱ्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ किंवा डागांचा टप्पा दिसला, तर पाणी तिथवर चढले होते. नंतर पुढची सीट उचलावी. ओम्नी-ईकोत तिच्याखाली इंजिनाचे झाकण असते. झाकणाच्या कडेला, वायरिंगच्या वेटोळ्यात आणि पत्र्याच्या दुमडीत बोट फिरवले, की सुकलेला गाळ पिठासारखा हाताला लागतो. धुणारा माणूस सपाट पत्रा धुतो, दुमडी राहून जातात. सीटच्या रुळांचे बोल्ट गंजलेले आणि बाकीचा पत्रा चकचकीत, ही विसंगतीही बोलकी असते. हेडलाइटच्या काचेत आतून धुरकट थर, फ्यूजच्या पेटीत पितळी पट्ट्यांवर हिरवट-पांढरी पूड, स्टेपनीच्या मागे गाळाची कड, जमिनीवरच्या मॅटखाली अजून ओलसर कापूस, हे सारे एकाच कहाणीचे पुरावे आहेत. गाडीत शिरताच अत्तराचा किंवा फ्रेशनरचा दर्प आला तर काचा बंद करून तिला तासभर उन्हात उभी करावी आणि मग दार उघडून वास घ्यावा. कुबट वास उन्हाने वर येतो.

इंजिन ऑइलची कांडी काढल्यावर तेल दुधी दिसले तर पाणी इंजिनात शिरले आहे, हे बहुतेकांना माहीत असते. पण मुक्कामाच्या गाडीला इंजिनापेक्षा वायरिंग जास्त त्रास देते. पुरात भिजलेली तार वर्ष-दोन वर्षे चालते आणि मग आतून सडून एखाद्या रात्री दिवे बंद पाडते. त्यातच जोडप्याने पंखा, दिवा आणि मोबाइल चार्जिंगसाठी आणखी तारा जोडल्या तर आगीचा धोका वाढतो. अशी शंका आली तर गाडी कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

वरून येणारे पाणी

महाबळेश्वरला वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो; त्याच जिल्ह्यातल्या माणमध्ये आणि सांगलीच्या जत-आटपाडीत तो पाचशेच्या आसपास असतो. त्यामुळे माणमधल्या दहिवडीची गाडी आणि जावळीतल्या मेढ्याची गाडी एकाच वर्षाची असली तरी सारखी नसते. जावळी-पाटणकडच्या गाडीत गंज लवकर धरतो, माण-जतकडच्या गाडीत रबर उन्हाने कडक होऊन फाटते. दोन्हींत पाणी आत येतेच, वाट तेवढी वेगळी असते.

छपराच्या कडेची पन्हळ, सरकत्या दरवाज्याचा खालचा रूळ, मागच्या दरवाज्याची बिजागरी आणि पुढच्या काचेचे खालचे दोन कोपरे या चार जागा नीट पाहाव्यात. रंगाखाली फुगवटा दिसला तर अंगठ्याने दाबावा; आतला पत्रा खुसखुशीत झाला असेल तर लगेच समजते. दरवाज्यात कागदाची पट्टी धरून दार लावावे आणि पट्टी ओढावी. ती सहज निसटली तर तिथले रबर दाब धरत नाही. शेवटची चाचणी पाण्याचीच : एकाने आत बसायचे, हातात टॉर्च घ्यायची, आणि दुसऱ्याने बाहेरून नळीने छपरावर वीस मिनिटे पाणी सोडायचे. विकणारा याला तयार नसेल तर पावसाळ्यात गाडी पाहायला जावे. जून ते सप्टेंबर हा जुनी व्हॅन विकत घ्यायला उत्तम काळ आहे. गाडी तेव्हा आपले दोष लपवू शकत नाही आणि फिरणाऱ्यांची मागणीही कमी असते.

आतले पाणी

बंद गाडीत दोन माणसे रात्रभर झोपली, की श्वासातली वाफ थंड पत्र्यावर जमते आणि पहाटे छपरातून थेंब पडू लागतात. डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या परिसरात दवाचे हिमकण होतात. तशा रात्री काचा बंद करून झोपणे म्हणजे उशी भिजवून घेणे. काचा उघड्या ठेवल्या तर डास आणि गारठा. यातून मार्ग म्हणजे एक वाट खाली आणि एक वर : एका बाजूची काच दोन बोटे खाली, समोरच्या बाजूची तेवढीच, दोन्हींवर मच्छरदाणीची जाळी आणि वरून पावसाची झडप. पत्र्याला आतून फोमचे अस्तर लावले तर थेंब कमी होतात, पण अस्तराच्या मागे गंज वाढला तर दिसत नाही. म्हणून ते चिकटवून न टाकता काढता येईल असे बसवावे.

कापडी भिंतीचा खरा फायदा इथे कळतो. सुती कॅनव्हास वाफ बाहेर जाऊ देतो आणि भिजल्यावर धागे फुगून पाणीही अडवतो. बाजारात सहज मिळणारी प्लास्टिकचा थर दिलेली ताडपत्री पाऊस उत्तम अडवते, पण वाफही अडवते. पावसाळ्यात मुक्काम करायचाच असेल तर छतासाठी ताडपत्री आणि बाजूंना कॅनव्हास अशी जोडी बरी. कॅनव्हास ओला असताना घडी करून ठेवला तर दोन दिवसांत त्याला बुरशी लागते आणि तो वास जात नाही. म्हणून घरी गच्ची किंवा ओटी नसेल, कापड पसरून वाळवायची सोय नसेल, तर पॉप-अपचा हट्ट धरू नये.

गारठा मारण्यासाठी गाडीत शेगडी आणणे हा जीवघेणा प्रकार आहे. कोळशाच्या निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो; झोपलेल्या माणसाला त्याची चाहूल लागत नाही. गॅसची शेगडीही बंद गाडीत पेटवू नये. स्वयंपाक मागचे दार वर उचलून, त्याच्या छायेत, जमिनीवर किंवा घडीच्या टेबलावर करावा. पाच किलोचा छोटा सिलिंडर दोघांना पुष्कळ होतो. तो झोपताना गाडीबाहेर ठेवावा.

छप्पर कापावे का

जुनी ओम्नी घेऊन तिचे छप्पर कापून वर उचलते बसवावे, असा विचार अनेकांच्या मनात येतो आणि ते काम करून देऊ म्हणणारे बॉडीबिल्डरही भेटतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रात लिहिलेल्या आणि निर्मात्याने ठरवलेल्या रचनेत मालकाला मनाने फरक करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळे मानक आहे आणि खासगी वापराच्या कॅम्पर व्हॅनचा वर्गही नोंदणीत आहे, पण ती वाट कारखान्यांना आणि मान्यताप्राप्त बांधणीकारांना जमण्यासारखी आहे. एका जुन्या गाडीसाठी ती परवडत नाही. शिवाय ओम्नी-ईकोचा पत्रा हाच तिचा सांगाडा. छप्पर कापले, की उलटल्यावर आतल्यांना वाचवणारा आधारच जातो.

टपावरचा तंबू कायद्याच्या दृष्टीने सोपा वाटतो, पण त्याचे वजन पन्नास ते सत्तर किलो असते, आणि दोघे त्यात झोपले की सारा भार पातळ पन्हळींवर येतो. चाळकेवाडी, वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या तिथल्या वाऱ्यासाठीच. तसल्या वाऱ्यात टपावरचा तंबू रात्रभर झोपू देत नाही. घडीच्या ट्रेलरला स्वतंत्र नोंदणी लागते, आणि यवतेश्वर किंवा केळघरच्या वळणावर समोरून एसटी आली तर तो मागे घेणे भल्याभल्यांना जमत नाही. तापोळ्याला शिवसागर जलाशय ओलांडायच्या तराफ्यावर छोटी व्हॅन सहज चढते, ट्रेलरची मात्र पंचाईत.

जोडप्यासाठी सर्वांत बरा तोडगा मागच्या दारात आहे. ओम्नी-ईकोचे मागचे दार वर उघडते. त्याला बाहेरून अडकवायचा, चार खुंट्या आणि दोन काठ्यांवर उभा राहणारा कॅनव्हासचा तंबू शिवून घेता येतो. सांगली-मिरजेत आणि साताऱ्यात ताडपत्री आणि सीट कव्हर शिवणारे कारागीर आहेत. त्यांना गाडी समोर उभी करून माप द्यावे, कागदावरचे माप देऊ नये. दाराच्या कडेला सहा इंच जादा कापड आणि पन्हळीवरून येणारे पाणी बाहेर टाकणारी झालर आवर्जून मागावी. गाडीत झोपायचे, तंबूत उभे राहायचे, कपडे बदलायचे आणि स्वयंपाक करायचा. पॉप-अपमधून जे हवे असते ते सगळे यातून मिळते, आणि गाडीचा पत्रा शाबूत राहतो.

घाट चढवून पाहणे

सपाट रस्त्यावर फिरवून घेतलेल्या व्हॅनबद्दल काहीच कळत नाही. वाईहून पसरणीचा घाट चढवावा, तोही चार माणसे बसवून, कारण दोघांचे वजन अधिक बिछाना, भांडी आणि चाळीस लिटर पाणी म्हणजे जवळपास चार माणसांचाच भार होतो. वळणावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढत नसेल, क्लचचा जळका वास येत असेल, तापमानाचा काटा वर सरकत असेल तर पाचगणी येईपर्यंत कळते. उतरताना ब्रेक धरून न ठेवता गिअरवर उतरावे आणि खाली आल्यावर चाकांच्या तबकड्यांना हात न लावता वास घ्यावा. सांगलीकरांना एवढ्या लांब यायचे नसेल तर भोसेजवळचा दंडोबाचा डोंगर आहे.

रात्रीचा प्रवास शक्यतो टाळावा. उसाच्या हंगामात दोन्ही जिल्ह्यांतल्या रस्त्यांवर ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या रात्रभर धावतात. त्यांतल्या कित्येकांना मागचा दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलाने झाकलेला असतो. ओम्नीसारख्या गाडीत आणि त्या ट्रॉलीत फक्त एक पत्रा असतो. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचणे हाच नियम ठेवावा.

आतली मांडणी

दोघांना झोपायला सहा फूट बाय चार फूट जागा पुरते. बारा मिलिमीटरच्या प्लायवूडच्या तीन फळ्या, खाली पेट्या, वर चार इंच जाडीची तीन तुकड्यांची गादी, एवढ्यात बिछाना होतो. सारे नटबोल्टवर बसवावे, म्हणजे सोमवारी फळ्या काढून गाडी पुन्हा घरच्या कामाला येते. मूळ सीट उखडून टाकू नये. आसनसंख्या नोंदणीपत्रात लिहिलेली असते. पाण्याचे कॅन मागच्या चाकांच्या पुढे, जमिनीलगत ठेवावेत. टपावर ठेवले तर वळणावर गाडी झोकांडी खाते.

शौचालयाचा प्रश्न बोलायला संकोच वाटतो म्हणून शेवटपर्यंत राहतो, आणि त्याचा त्रास बहुधा बाईला होतो. झाकणाची बादली, बायोडिग्रेडेबल पिशव्या आणि त्यासाठी हातभर रुंदीचा उभा वेगळा तंबू, ही सोय पहिल्या दिवसापासून असावी. गाडी पाहायला दोघांनीही जावे, दोघांनीही आत आडवे पडून पाहावे.

मुक्काम कुठे

कास पठार २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे आणि तिथे रात्री मुक्कामाला मनाई आहे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या हद्दीत वन खात्याच्या परवानगीशिवाय गाडी लावून झोपता येत नाही. तापोळा, बामणोली, ठोसेघर, भिलार या बाजूंना शेतकरी आपल्या अंगणात किंवा माळावर जागा देतात. राज्याच्या २०२०च्या कृषी पर्यटन धोरणानंतर अशा ठिकाणांची नोंदणीही होऊ लागली आहे. तिथे पाणी, स्वच्छतागृह आणि सकाळची भाकरी मिळते, आणि चार पैसे गावात राहतात. महामार्गावर अडकल्यास चोवीस तास उघडा असलेला पेट्रोल पंप बरा.

नदीकाठी, विशेषतः औदुंबरसारख्या घाटावर, पावसाळ्यात गाडी लावून झोपू नये. वरच्या धरणातून विसर्ग वाढला, की पाऊस नसतानाही काठचे पाणी रात्रीत चढते. ओढ्याच्या पात्रात उन्हाळी वळवातही थांबू नये. मे महिन्यात जत-आटपाडीकडे दुपारी पत्रा तापून आत बसवत नाही. दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ दोन्ही जिल्ह्यांत सर्वांत सुखाचा.

कागदपत्रे

एमएच-११ सातारा, एमएच-५० कराड आणि एमएच-१० सांगली या पाट्यांची गाडी घेणे सोपे. हस्तांतराला नमुना २९ आणि ३० लागतात. मिरज आणि जतच्या बाजारात कर्नाटकच्या गाड्याही येतात. त्यांना तिकडच्या कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागतो, म्हणून कमी दिसणारी किंमत शेवटी तेवढीच पडते. नोंदणीपत्रावर बँकेचा बोजा असेल तर तो नमुना ३५ने उतरवून घेतल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण, आणि एप्रिल २०२२मध्ये त्याचे शुल्क मोटारीला पाच हजार रुपये करण्यात आले. २०१९च्या शेवटच्या ओम्नींनाही ती वेळ २०३४मध्ये येईल. किंमत ठरवताना निदान पाचवा हिस्सा रबर, टायर, ब्रेक आणि वायरिंगसाठी बाजूला काढावा.

विम्याचा इतिहास मागावा. २०१९ किंवा २०२१च्या पावसाळ्यानंतर मोठा दावा झालेला असेल तर सीटबेल्ट ओढून पाहायचीही गरज उरत नाही. गाडी नावावर झाली म्हणजे विमा आपोआप नावावर झाला, असे समजू नये. नव्या मालकाने हस्तांतरापासून चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो, आणि बिछाना, जादा बॅटरी असे काही बसवले असेल तर तेही लिहून कळवावे लागते. तोवर तिसऱ्या व्यक्तीची जबाबदारी विम्यात येते, पण पुरात, आगीत किंवा घाटात स्वतःच्या गाडीचे झालेले नुकसान भरून मिळत नाही.